एकाच वस्तूला पाच तारे आणि एक ताराही: नागपुरात गाडीचं आणि घरचं इलेक्ट्रॉनिक्स घेताना कोणाचं ऐकायचं?

प्रश्न: मी मनीषनगरला राहते. गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ आणि डॅशकॅम बसवायचा आहे. घरी ५५ इंची टीव्ही आणि दीड टनाचा एसी घ्यायचा आहे. ऑनलाइन रिव्ह्यू वाचून गोंधळ वाढला. एकाच वस्तूला कोणी पाच तारे देतं, कोणी एक. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर:

ताई, पाच तारे देणारा आणि एक तारा देणारा, बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात. पहिल्याने वस्तू हाती आल्यावर चार-आठ दिवसांत लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ती बंद पडल्यावर. मधल्या काळात ती कोणत्या उन्हात राहिली, कोणी बसवली, तिच्यापर्यंत लाइन कशी येत होती, हे ताऱ्यांवरून कळत नाही. गाड्यांची फिटिंग आणि घरच्या उपकरणांची दुरुस्ती ही दोन्ही कामं मी वर्षानुवर्षं करतो आहे. टेबलावर येणाऱ्या वस्तूंमध्ये कारखान्यातूनच खराब आलेल्या थोड्या असतात. ऊन, व्होल्टेज नाहीतर वाईट फिटिंग यांनी मेलेल्याच जास्त. म्हणून कोणताही रिव्ह्यू वाचताना मी आधी या तीन गोष्टींचा मागमूस शोधतो.

आपलं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरीपासूनच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जाणं आपल्याला नवीन नाही. पण हा आकडा सावलीतला असतो. काचा बंद करून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास सहज जातो. स्टिरिओ त्या डॅशबोर्डच्या पोटात असतो आणि डॅशकॅम काचेला चिकटलेला. बंगळुरूच्या माणसाने डिसेंबरात लिहिलेला पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू खोटा नसतो, तो फक्त तुमच्या उपयोगाचा नसतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला, रायपूर, जयपूर अशा गावांच्या लोकांनी मे-जून पार झाल्यावर लिहिलेलं शोधा. रिव्ह्यूंच्या यादीत ‘हीट’, ‘समर’, ‘हँग’, ‘आफ्टर सिक्स मंथ्स’ असे शब्द टाकून पाहिलं की पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. मला स्वतःला तीन तारेवाले जास्त कामाचे वाटतात. त्यांचा राग शांत झालेला असतो, कौतुकही बेताचं असतं, आणि काय चालतं, काय चालत नाही हे ते वेगवेगळं लिहितात.

आता स्टिरिओ. हा विषय थोडा लांबवतो, कारण लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

पाच-सहा हजारांत नऊ इंची स्क्रीन, ‘अँड्रॉइड १३, आठ कोअर, ४ जीबी रॅम’ असं खोक्यावर छापलेले सेट बाजारात भरपूर आहेत. यातल्या बऱ्याच सेटमध्ये सेटिंगच्या पानावर दिसणारा अँड्रॉइडचा आकडा नुसता बदलून लिहिलेला असतो, आत जुनंच व्हर्जन चालतं. रॅमचंही तसंच. हार्डवेअरची माहिती दाखवणारं एखादं फुकटचं ॲप टाकलं की खरं कळतं. फिटिंगआधी दुकानातच सेट बॅटरीवर लावून हे तपासून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान पाहा. बर्डी आणि सदर धरून आपल्याकडे दुकानं कमी नाहीत.

मग आवाज. खोक्यावर ‘४ × ५० वॉट’ किंवा ‘४ × ६० वॉट’ लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरला एवढ्या व्होल्टेजवर, आवाज न फाटता, जास्तीत जास्त २५ वॉटच्या आसपासच देता येतात. हे गणित आहे, त्यात ब्रँडचा संबंध नाही. प्रत्यक्षात डेकच्या, म्हणजे स्टिरिओच्या, आतल्या ॲम्पच्या आयसीकडून चॅनेलमागे १८ ते २२ वॉट मिळाले तरी चांगलं. वरचा आकडा क्षणभराचा, फाटलेल्या आवाजाचा असतो. म्हणून ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारे वॉट, किती लिहिलेत तेच वाचा. ते कुठेच छापलेलं नसेल तर कंपनीला ते सांगायचं नाही असं समजा. सेटच्या मागचा फ्यूजही पाहा. १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे स्क्रीन, प्रोसेसर, ॲम्प सगळं मिळून १४० वॉटच्या आत. त्यातून २४० वॉटचा आवाज निघू शकत नाही. ‘बेस कमी आहे’ म्हणून एक तारा देणाऱ्यांपैकी अनेकांचा सेट ठीक असतो, गाडीच्या कंपनीने दिलेले कागदी कोनचे स्पीकर बदलायची गरज असते. आधी समोरच्या दारांचे दोन स्पीकर चांगले घाला, फरक तिथेच कळेल.

‘उन्हाळ्यात हँग होतो’, ‘आपोआप बटणं दाबली जातात’ या तक्रारी मात्र गंभीरपणे घ्या. स्वस्त सेटमध्ये प्रोसेसरच्या मागे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते, पंखा नसतो. डॅशबोर्ड आधीच तापलेला, त्यात प्रोसेसर स्वतः तापतो, आणि नकाशा चालू असताना दुपारी तीन वाजता स्क्रीन गोठते. टच पॅनेल डिंकाने चिकटवलेलं असेल तर उन्हाने ते एका कोपऱ्यातून सुटतं आणि मग बोट न लावता स्क्रीन चालायला लागते. ही चूक दुरुस्त होण्यासारखी नाही, पॅनेलच बदलावं लागतं.

माझं स्पष्ट मत असं आहे. बजेट दहा-बारा हजारांच्या आसपास असेल तर पूर्ण अँड्रॉइडचा स्वस्त सेट घेऊ नका. त्याऐवजी नावाजलेल्या कंपनीचा, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालणारा साधा डेक घ्या. नकाशा, गाणी, फोन हे सगळं काम तुमचा मोबाइल करतो, डेक फक्त दाखवतो आणि वाजवतो. आत कमी भाग म्हणजे तापायला कमी जागा. ‘यात यूट्यूब चालत नाही’ म्हणून अशा डेकला कमी तारे मिळतात. गाडी चालवताना समोर यूट्यूब चालू नये, हेच बरं आहे.

आणि फिटिंग. इथे मी जरा कडक बोलणार आहे. गाडीच्या कंपनीची वायर कापून, छिलून, नुसती पीळ देऊन वर काळी टेप मारणारा फिटर दोनशे-तीनशे रुपये वाचवून देतो आणि गाडीची इलेक्ट्रिकल वॉरंटी धोक्यात घालतो. आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते, उघडी तार पत्र्याला लागते. धूर निघालेल्या गाड्या मी हाताळल्या आहेत आणि त्या पाहिल्यापासून या बाबतीत मला तडजोड जमत नाही. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा ‘कपलर टू कपलर’ हार्नेस, म्हणजे मूळ सॉकेटमध्ये थेट खोचायचा तयार वायरींचा जुडगा, मिळतो, तोच मागा. एकही वायर कापायची नाही, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या आणि काम चालू असताना तिथेच उभ्या राहा.

‘स्टिरिओ लावल्यापासून बॅटरी उतरते’ हा रिव्ह्यूही वारंवार दिसेल. आफ्टरमार्केट सेटमध्ये सहसा पिवळी वायर कायम सप्लायची आणि लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणारी असते. घाईत दोन्ही एकाच कायम सप्लायला जोडल्या की चावी काढूनही सेट पूर्ण झोपत नाही. समजा अर्धा अँपिअर खेचला जातोय. दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपली. घरचे लोक चार दिवस लग्नाला अमरावतीला गेले, परत येऊन चावी फिरवली आणि नुसता टक्-टक् आवाज, अशी गाडी दर लग्नसराईत येते. चांगला फिटर काम झाल्यावर गाडी लॉक करतो, थोडा वेळ थांबतो आणि मीटर लावून गळती मोजून दाखवतो. ती ५० मिलिअँपिअरच्या आत असली पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा आणि मागून घ्या.

डॅशकॅमचं सांगायला थोडंच लागेल. समृद्धी महामार्ग झाल्यापासून डॅशकॅमची मागणी आमच्याकडे खूप वाढली, आणि सलग आठ-आठ तास गाडी चालत असेल तर तो हवाच. विकत घेताना एकच प्रश्न आधी विचारा: आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग? लिथियम सेल ६० अंशांच्या वर वापरायचाच नसतो, आणि चार्जिंगची मर्यादा तर त्याहून खाली, ४५ च्या आसपास असते. आपल्या काचेवर तो एका उन्हाळ्यात फुगतो. मी फुगलेल्या बॅटरीने बाजूची खोळ फाटलेले कॅमेरे उघडले आहेत. सुपरकपॅसिटरचं काम फक्त गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट सेव्ह करण्यापुरतं असतं, आणि तो उष्णता पुष्कळ जास्त सोसतो. नागपुरात सुपरकपॅसिटर नसलेला डॅशकॅम घेऊ नका, तारे कितीही असोत.

दुसरं म्हणजे कार्ड. ‘अपघात झाला तेव्हाच रेकॉर्डिंग नव्हतं’ असं कळवळून लिहिलेल्या रिव्ह्यूंमध्ये कॅमेऱ्यापेक्षा कार्डाचा दोष जास्त असतो. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहिणं-पुसणं सोसत नाही. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या, अधिकृत दुकानातून घ्या आणि दर महिन्याला कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. फुल एचडीला ६४ जीबीत साधारण आठ ते दहा तास मावतात, म्हणून मुंबईपर्यंतच्या प्रवासाला १२८ बरं. वायर नेताना समोरच्या काचेशेजारच्या खांबात पडद्याची (कर्टन) एअरबॅग आहे का ते विचारा. असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायर आणि प्लॅस्टिक तोंडावर येऊ शकतं. पार्किंग मोड हवा असेल तर बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली गेली की कॅमेरा बंद करणारं हार्डवायर किट लावा, नाहीतर वर सांगितलेला बॅटरीचा त्रास इथेही होणार.

घराकडे वळू. एसीच्या रिव्ह्यूत ‘थंडच होत नाही’ आणि ‘दहा मिनिटांत बर्फ’ हे दोन्ही सापडतील. एसीची टन क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. वीजबचतीचे तारे ज्या ‘आयसीईईआर’ या हंगामभराच्या वीजबचतीच्या आकड्यावरून ठरतात, तो काढतानाही २४ ते ४३ अंशांपर्यंतचंच तापमान धरतात. आपला मे महिना त्या तक्त्याच्या बाहेर आहे. जाहिरातीत ‘५२ अंशांपर्यंत चालतो’ असं असेल तर त्याचा अर्थ तो ५२ ला बंद पडत नाही एवढाच. तेव्हा तो पूर्ण दीड टन थंडावा देतो असं नाही. वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत तापणारी खोली असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ४३ आणि ४८ अंशांना क्षमता किती राहते ते शोधा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. खोली मोठी असेल तर दीडऐवजी पावणेदोन टनाचा विचार करा. आउटडोअर युनिट जाळी लावलेल्या अरुंद डक्टमध्ये कोंबू नका, तिथे ते स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतं. हे एक पथ्य पाळलं तरी ‘थंड होत नाही’वाले अर्धे रिव्ह्यू लिहिले गेले नसते.

घर नाग नदीच्या, पिवळ्या नदीच्या किंवा मोठ्या नाल्याच्या काठाला असेल तर आणखी एक पाहा. सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने तांबं काळं पडून कुरतडलं जातं. अशा घरांमध्ये एसीचा गॅस वारंवार निघून जातो, टीव्हीचे आणि राउटरचे बोर्डही लवकर जातात. कॉइलवर संरक्षक लेप असलेलं मॉडेल घ्या आणि वॉरंटीत गंजामुळे झालेली गळती धरली आहे की वगळली आहे ते घेण्याआधी वाचा.

टीव्हीबद्दल फार लिहीत नाही. दुकानात उभं राहून डोळ्यांनी निवडा, ऑनलाइन घेतला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा आणि परत करायची मुदत संपण्याआधी भिंतीवर लावून सलग काही तास चालवून पाहा. पॅनेल म्हणजे टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा. ते फुटलं तर वॉरंटी मिळत नाही आणि दुरुस्ती बहुधा परवडत नाही.

पण टीव्ही, एसी, फ्रिज, राउटर या सगळ्यांना एका झटक्यात मारणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल रिव्ह्यूत कोणीच लिहीत नाही. तिचं नाव न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक वायर, सुटणं. आपल्या इमारतींना तीन फेज येतात. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी आणि कूलर चालू असतात, पॅनेलमधला किंवा खांबावरचा न्यूट्रलचा जोड तापतो, ढिला होतो, जळतो. मग ज्या घरात लोड कमी, तिथलं व्होल्टेज ३००-३५० च्या वर चढतं आणि शेजारी मात्र डिम होतं. एकाच इमारतीतल्या सहा घरांचे टीव्ही एकाच संध्याकाळी गेले, असं ऐकलं की कारण बहुधा हेच असतं. लोक टीव्हीच्या कंपनीला एक तारा देतात, आणि कंपनी वॉरंटी कार्डाच्या मागचं व्होल्टेजचं कलम दाखवून हात वर करते. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं एसीवर लिहिलेलं असलं तरी तो दावा साधारण २८०-२९० व्होल्टपर्यंतचा असतो. ३५० पुढे तो टिकत नाही.

उपाय स्वस्त आहे. मीटरनंतरच्या डीबीत, म्हणजे एमसीबी स्विचांच्या डब्यात, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की तो अख्ख्या घराची लाइन तोडतो आणि ती नीट झाल्यावर काही वेळाने परत जोडतो. लाखाच्या वस्तू वाचवणारी ही जेमतेम हजार-दोन-अडीच हजारांची वस्तू आहे. मी ज्यांच्या घरी जातो त्यांना टीव्हीआधी ती घ्यायला सांगतो. सोबत अर्थिंग मोजून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असतात आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. आणि घरातला बल्ब एकाएकी प्रखर झाला, पंखा जोरात फिरायला लागला, तर बाकी काही न पाहता आधी मेन स्विच पाडा.

मृगाच्या आधीच्या वादळात टीव्हीचा प्लग तर काढाच, डिश अँटेनाची केबलही काढा. विजेचा झटका बऱ्याचदा छतावरच्या डिशमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरने टीव्हीत शिरतो. जूनमध्ये ‘चित्र येतं पण एचडीएमआय चालत नाही’ असे टीव्ही येतात, त्यांचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

राहिली खोट्या रिव्ह्यूंची गोष्ट. खोक्यात ‘पाच तारे द्या, कॅशबॅक मिळवा’ असं कार्ड निघालं तर त्या वस्तूचे सगळेच तारे बाजूला ठेवा. एकाच पानावर वेगवेगळ्या मॉडेलचे रिव्ह्यू एकत्र केलेले असतात, म्हणून ३२ इंची टीव्हीचं कौतुक ५५ इंचीच्या खाली वाचलं जातं. प्रत्येक रिव्ह्यूवर मॉडेल कोणतं ते बघा. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे, त्यावर सगळा भार टाकू नका. त्यापेक्षा टीव्ही, अडॅप्टर, पॉवर बँक यांच्यावर छापलेला ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक याच ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहा. आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसता परदेशी पत्ता असेल तर बिघडल्यावर तुम्ही कोणाकडे जाणार? आणि घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून नागपूरचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा, मग तिथेही फोन लावून पाहा. ‘पार्ट मुंबईहून मागवावा लागेल’ हे उत्तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांचं असतं.

यातूनही वस्तू खराब निघालीच, तर तुम्हीही रिव्ह्यू लिहा आणि त्यात गाव, महिना, किती काळ वापरली, कोणी बसवली हे लिहा. पण तेवढ्यावर थांबू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तक्रार फोनवर न करता लेखी करा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी खटला नागपुरात चालतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. थर्मल कागदावरचं बिल तर कपाटात ठेवलं तरी वर्षभरात पुसट होतं, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. स्टिरिओ आणि डॅशकॅमचं फिटिंगचं बिल वेगळं मागा. त्यावर ‘कपलर वापरला, वायर कापली नाही’ एवढं एक वाक्य फिटरकडून लिहून सही घ्या. लिहून द्यायला तो का-कू करत असेल तर गाडी त्याच्याकडे देऊ नका.